बोलका मोडेम

लागला!

फ्लॉपी आणि मोडेमच्या दिवसांतल्या एका रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी साताऱ्यातला माझा कॉम्प्युटर सांगलीतल्या मामांच्या कॉम्प्युटरला लागला. पडद्यावर ओळ उमटली, ‘कनेक्ट २६४००’, आणि टेबलावरच्या मोडेमच्या डबीवरचे लाल दिवे भराभर लुकलुकायला लागले. मी टाइप केलं, मामा, जेवलात का? हायपरटर्मिनल या प्रोग्रामच्या पांढऱ्या चौकटीत मराठी येत नाही, म्हणून इंग्रजी लिपीत. एंटर मारलं आणि श्वास रोखून बसले. जरा वेळाने खालच्या ओळीवर एच उमटला. नुसता एच. मग बराच वेळ काहीच नाही. मामा एका बोटाने टाइप करतात. त्यांचं ते बोट कीबोर्डवर ओ शोधत फिरतंय, हे मला इथे गोडोलीत बसून दिसत होतं. आणि आला की ओ! ‘हो’. मध्ये कराड, इस्लामपूर, आष्टा, तीन-साडेतीन तासांचा एसटीचा रस्ता, आणि त्यांचं ‘हो’ माझ्यापर्यंत त्यांच्या बोटाच्या वेगाने आलं. घरात सगळे झोपले होते, तरी मी टाळ्या वाजवल्या.

हे मला कधीचं हवं होतं ते सांगते. राजवाड्याजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे आणि रात्रीचं काम मी घरी करते. मामांचा छापखाना सांगलीत गणपती पेठेत. हळदीच्या पाकिटांची लेबलं, गुळाच्या ढेपेवरच्या चिठ्ठ्या, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. मजकूर मी लावायचा, छपाई मामांनी करायची. तोवर आमचा सगळा व्यवहार फ्लॉपीवर चालायचा. संध्याकाळची सांगली गाडी गाठायची, ओळखीचं कोणी भेटलं तर त्याच्या हातात पाकीट द्यायचं, मामांना फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. फ्लॉपी पोचायची, पण उघडेलच याचा भरवसा नाही. उघडली आणि मामांना एक काना चुकलेला दिसला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वारी. एका वेलांटीसाठी दोन दिवस!

ठिणगी मामांनीच टाकली. वारणेच्या काठी त्यांचे पाहुणे आहेत. तिथे १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं कॉम्प्युटरने जोडायचा प्रकल्प सुरू झाला होता. शेतकरी गावातल्या केंद्रावर जायचा आणि आपल्या उसाची नोंद, तोड, वजन तिथेच बघायचा. मामा ते पाहून आले आणि त्याच रात्री त्यांचा फोन. “अगं, ऊस कारखान्याशी बोलायला लागला, आणि आपण अजून फ्लॉपी एसटीत घालतोय? तू ते मोडेमचं बघ. काय लागेल ते मी देतो.”

मग मी मोडेमचं बघितलं, आणि त्याच्यात पार बुडाले.

पहिला मोडेम मी दिवाळीत घेतला होता. कॉम्प्युटरच्या आत बसणारं हिरवं कार्ड, हजार-बाराशेचं, खोक्यावर मोठ्या आकड्यात ५६. दुकानदाराने बसवूनही दिला. त्याच्यावरून कधी कनेक्शन मिळायचं, कधी नाही. मिळालं आणि मी मागे पानं लावायचं पेजमेकर उघडलं, की तुटायचं. माझ्या लेखी दोष लाईनचाच होता. खरी गोष्ट मामांच्या भाडेकरूने सांगितली. तो मुलगा वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, “ताई, त्या कार्डावर मोडेम असा नाहीच. टेलिफोनची वायर लावायची जागा आणि एकदोन चिपा, बस. सगळं गणित तुमच्या पेंटियमला करावं लागतं.” अशा कार्डाला विनमोडेम म्हणतात. ते विंडोजच्या जिवावर चालतं. पेजमेकर मोठं पान उघडायला घेतं तेव्हा कॉम्प्युटरला क्षणभर फुरसत नसते, आणि पलीकडचा आवाज ऐकायचाच राहून जातो. पलीकडच्याला वाटतं, हा गेला. तो मुलगा लिनक्स वापरतो. त्याच्याकडे असली बरीच कार्डं मुळी ओळखलीच जात नाहीत. नव्या, वेगवान कॉम्प्युटरवर हीच कार्डं बरी चालतात आणि पैसेही वाचतात, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण माझं यंत्र जुनं आणि कामं एका वेळी चार.

म्हणून बाहेरचा मोडेम घ्यायचं ठरवलं. जवळजवळ तिप्पट किंमत. त्याला स्वतःचा मेंदू असतो, स्वतःचा वीजपुरवठा असतो, आणि तो कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या सीरियल पोर्टला लागतो. वळवाच्या पावसात टेलिफोनच्या तारेवरून विजेचा झटका आलाच, तर पहिला घाव डबीवर पडतो. (तरी ढग गडगडले की टेलिफोनची वायर काढून ठेवायचीच. आमच्या साताऱ्यात मे महिन्यात हे घरातल्या पोराटोरांनाही सांगून ठेवावं.) पण मला सगळ्यात आवडली ती दुसरीच गोष्ट. या डबीला दिवे आहेत आणि तोंड आहे. ती काय करते आहे ते दिसतं आणि ऐकू येतं. ओएच लागला म्हणजे फोन उचलला. सीडी लागला म्हणजे पलीकडचा सापडला. एसडी चमकतो तेव्हा माझी अक्षरं निघालेली असतात, आरडी चमकतो तेव्हा मामांची येत असतात. फाइल जाताना नुसता एसडी पेटलेला असतो आणि आरडी मध्येच एकदा डोळा मिचकावतो, ‘मिळालं, मिळालं’ म्हणाल्यासारखा. मी चार मिनिटं फक्त तेच बघत बसते.

डबी आणली, जोडली, नंबर दिला, आणि पडद्यावर आलं, ‘नो डायल टोन’. मी रिसीव्हर उचलून बघितला, डायल टोन अगदी खणखणीत. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सांगलीला फोन केला तर तो मुलगा हसून म्हणाला, “एटीएक्स३ घाला.” घातलं, आणि डबीने निमूट नंबर फिरवला! याचं कारण कळलं तेव्हा तर मी नाचायचीच बाकी होते. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा असतो आणि तो २५ हर्ट्झने थरथरतो. अमेरिकेतला टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा. माझ्या डबीचा कान त्या परदेशी सुरावर तयार झालेला, त्यामुळे आपला सूर तिला सूरच वाटला नाही. एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर लाव. इतकी वर्षं रिसीव्हर उचलते आहे, पण त्या गुणगुणण्याला असा देशोदेशीचा सूर असतो हे मला आता कळलं.

हे ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, ‘लक्ष दे’. हेज नावाच्या अमेरिकी कंपनीने १९८१ साली स्मार्टमोडेम काढला. तेव्हा कॉम्प्युटरने मोडेमशी कसं बोलायचं याची ही भाषा त्यांनी बसवली, आणि पुढे जवळपास सगळे मोडेम तीच बोलायला लागले. एटीडीटी म्हणजे टोनवर नंबर लाव, एटीडीपी म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखा खटखट करत लाव. नंबरात स्वल्पविराम घातला की तो दोन सेकंद थांबतो. स्वल्पविराम! दिवसभर मी जो पानापानांत लावते, त्याचा इथे खरोखरच विराम होतो. मामांच्या डबीला आम्ही ‘एटीएस०=१’ देऊन ठेवलं आहे, म्हणजे पहिल्याच घंटेला ती स्वतः फोन उचलते. तोवर मामांनी हात लावायचा नाही. हे मात्र त्यांना जड जातं. घंटा वाजली की त्यांचा हात जातोच.

मामांच्या जुन्या ४८६ वर आणखी एक अडचण निघाली, आणि तेव्हा मोडेम घेणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायला हवी होती. सीरियल पोर्टच्या मागे एक छोटी चिप असते. जुनी असेल तर ती आलेलं एकच अक्षर धरून ठेवते. कॉम्प्युटरने ते उचलायच्या आत पुढचं आलं की पहिलं गेलं. नंतरच्या १६५५० चिपला १६ अक्षरांची ओंजळ असते. मामांच्या यंत्रात जुनी निघाली, म्हणून फाइल अडखळत होती, तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा मागवत होती. दोनशेच्या आसपास किमतीचं पोर्टचं कार्ड बदललं आणि फाइल सरळ धावली. मोडेम बदलायचा विचार आम्ही जवळपास पक्का केला होता, आणि त्याच्यात काहीच खोट नव्हती.

आता त्या ५६ च्या आकड्याबद्दल. याच्यासाठी मी दोन रात्री जागले.

दोन्हीकडच्या डब्यांवर ५६ लिहिलेलं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. मामांच्या डबीने सांगलीत इंटरनेटचा १७२२३३ हा नंबर लावला तर ४५३३३ मिळायचे. तीच डबी माझ्याशी बोलायची तेव्हा २६४००. का? उत्तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. आपला आवाज तांब्याच्या तारेवरून लाटेसारखा जातो, पण एक्स्चेंजात पोचला की त्याचे सेकंदाला ८००० तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याची उंची २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवतात. ८००० तुकडे, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४००० बिट. पुढे सांगलीपर्यंत धावतात ते हे आकडे. सांगलीच्या एक्स्चेंजात त्यांची परत लाट होते आणि ती मामांच्या घरी जाते. लाट पायरीवर बसवताना ती थोडी घासली जाते. बोलताना आपल्याला जाणवत नाही, मोडेमला जाणवतं. तेवढ्या खरखरीतून ३३६०० च्या वर काही पार पडत नाही. म्हणून घरचा मोडेम घरच्या मोडेमशी बोलला तर ३३६०० हे आभाळ.

इंटरनेट देणाऱ्यांकडे मात्र अशी तार नसायची, ते एक्स्चेंजात थेट आकडेच पाठवायचे. लाटेची पायरी करायचा प्रसंगच यायचा नाही, काही घासलंही जायचं नाही. हे ज्यांच्या डोक्यात आलं त्यांना माझा नमस्कार! १९९७ मध्ये एक्स२ आणि के५६फ्लेक्स अशा दोन पद्धती निघाल्या आणि दोघींचं एकमेकींशी जमेना. १९९८ मध्ये व्ही.९० नावाचा एकच करार झाला. त्यामुळे त्या दिवसांत मोडेम घेताना खोक्यावर व्ही.९० बघावं लागायचं. त्याच्या पुढचा व्ही.९२ पण निघाला होता. आणि हा वेग फक्त उतरतानाचा. आपण पाठवतो ते व्ही.९० वरही ३३६०० च्या आतच, कारण आपल्या बाजूची लाट एक्स्चेंजात पायरीवर चढतेच.

याच्यातून मला एक खूण सापडली, ती माझ्या मते फार उपयोगाची आहे. जुन्या पद्धतीचे वेग २४०० च्या टप्प्याने चढतात: २६४००, २८८००, ३१२००, ३३६००. व्ही.९० चे टप्पे तेराशे तेहतीस आणि वर एकतृतीयांश असे असतात: ४२६६६, ४४०००, ४५३३३. म्हणजे पडद्यावर आलेला नुसता आकडा बघून समजतं की आपला मोडेम कोणत्या पद्धतीने लागला आहे. इंटरनेटला लावूनही ३१२०० सारखा आकडा येत असेल, तर व्ही.९० जमलेलंच नाही, मोडेमने माघार घेतली आहे. मात्र पडद्यावर ११५२०० दिसलं तर हुरळून जाऊ नये. तो कॉम्प्युटर आणि डबी यांच्यातला वेग असतो, तारेवरचा नव्हे.

आणि तो आवाज! कोणी तरी त्याला कर्कश म्हणेल, पण तो काय म्हणतो ते एकदा कळू द्या. आधी टिकटिक नंबर लागतो. घंटा. मग पलीकडची डबी एक लांब, सरळ सूर धरते, २१०० हर्ट्झचा, ‘मी माणूस नाही, मोडेम आहे’ असं सांगणारा. मग दोघींचे थोडे सवालजबाब. आणि मग येतो तो भाग, ज्याने मी वेडी झाले. डबी १५० हर्ट्झपासून ३७५० पर्यंत ठरावीक अंतरावरचे पुष्कळ सूर एकदम सोडते आणि पलीकडची ऐकते, कोणता सूर धड पोचला, कोणता मध्येच विझला, कोणता उशिरा आला. प्रत्येक तारेचा गळा वेगळा. साताऱ्याच्या चढावरच्या खांबांवरून येणारी माझी तार वेगळी, सांगलीची सपाटीवरची वेगळी. तो गळा ओळखून मग दोघी मिळून ठरवतात, आज इतक्या वेगाने बोलू. त्यानंतरची ती खरखर म्हणजे तालीम. तारेने जे बिघडवलं ते उलट करून घ्यायची तालीम. काही सेकंदांत हे सगळं उरकतं आणि तोंड बंद होतं.

मी हे मामांना फोनवर सांगत होते तर ते म्हणाले, “अगं, ही तर तंबोऱ्याची जवारी काढली!” आणि संक्रांतीला सांगलीला गेले तेव्हा मला मिरजेला घेऊन गेले, सतारमेकरांच्या गल्लीत. मामा स्वतः तंबोरा लावतात, त्यांचा तिथे नेहमीचा राबता. एक वयस्कर कारागीर तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, तार बाजूला सारून घोडीवर कानस दोनदा हलकेच फिरवायची, फुंकर मारायची, तार परत बसवायची, छेडायची. मग तारेखाली दोऱ्याचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. अर्धा तास मी बघत होते. एका क्षणी धागा कुठेसा बसला आणि ती एकच तार चार तारांसारखी गुंजायला लागली. कारागिरांनी मान वर केली नाही. पुढची तार घेतली. माझ्या डोक्यात तर त्या डबीचे सूर वाजत होते. लाकूड बघून जवारी निघत नाही, तार छेडून ऐकावी लागते. मोडेमचंही तसंच. खोक्यावरचा आकडा सगळ्यांचा सारखा. तुमच्या घरच्या तारेवर ती डबी काय ऐकते आणि किती समजून घेते, तेच खरं. म्हणून तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घ्यायच्या आधी दोन दिवस घरी लावून बघायला मागा. आणि बोलका घ्या.

सांगलीहून परतल्यावर मी माझ्या तारेमागे लागले. स्वयंपाकघरात एक जोडफोन होता तो काढला. मग टेलिफोनच्या रोझेटपासून तार बोटांनी चाचपत गॅलरीत गेले. तिथे कुंडीच्या मागे, खांबावरून आलेल्या तारेला आमच्याच घरात कोणी तरी कधी काळी मारलेला जोड. दोन टोकं पिळून वर काळी टेप. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. ती टोकं कापून टाकली, नवी सोलून डाग दिला, वर नळी चढवली. इतकंच.

त्या रात्री मामांना हळदीच्या लेबलाची फाइल द्यायची होती. श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये लावलेलं, पिवळ्यावर लाल, सातशे केबी. नंबर लावला. टिकटिक, घंटा, लांब सूर, खरखर. ‘कनेक्ट ३१२००’. दोन टप्पे वर! चार मिनिटांच्या फाइलने साडेतीनच्या आतच पलीकडे पाय ठेवला, एकही तुकडा पुन्हा मागितला नाही. मी जोडाचं मामांना काही सांगितलं नव्हतं, आकडाही सांगितला नाही. त्यांच्या पडद्यावर तर ते बघतच नाहीत, चष्मा तेव्हा छापखान्यात राहिलेला असतो.

पाच मिनिटांनी साधा फोन वाजला.

“लेबल आलं. सकाळी बटर पेपरवर प्रिंट काढतो, दुपारी प्लेट लागेल. आणि काय गं,” मामा म्हणाले, “आज तुझ्या तारेतली ती बारीक घरघर कुठे गेली?”